एकास दहा

चिकटपट्टी ओढून तोडताना होणारा तो कोरडा, चरचरीत आवाज. बेलापूरच्या त्या कॉलेजात ड्राफ्टिंगच्या तासाला सारा वर्ग एकाच वेळी आपापल्या बोर्डावर कागदाचे कोपरे बसवू लागे, तेव्हा कुणी लांबलचक मांजरपाट फाडत चालले आहे असे वाटे. मग एकदम शांतता, आणि त्या शांततेत टी-स्क्वेअरच्या लांब पट्टीची घासघास, शिसाची बारीक कुजबुज. तो आवाज आठवला की आजही माझे कान तापतात.

मराठीची पदवी घेऊन मी इंटिरिअर डिझाइनला आले होते. कवितेने मला वस्तूंकडे पाहायला शिकवले होते. त्या मोजायला कुणी शिकवले नव्हते. कलेच्या इतिहासाच्या तासाला मला बरे वाटे. पडदे ओढलेले असत, प्रोजेक्टरच्या झोतात धूळ तरंगत असे, आणि समोरच्या भिंतीवर एखाद्या लेण्याच्या कमानीतून उजेड आत उतरत असे. बाई विचारीत, “काय दिसतं?” आणि माझ्याकडे शब्द असत. “इथं उजेड पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा येतो,” असे मी एकदा म्हणाले, तर बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिले. ड्राफ्टिंगच्या सरांनी मात्र माझ्या पहिल्याच शीटवर ‘पूर्वेची कोवळी खिडकी’ असे वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला. “मॅडम, प्लॅनमध्ये विशेषणं नसतात. खिडकी किती बाय किती, ते लिहा.” वर्ग हसला. मीही हसले. ती लाज हलकी होती, खोडरबराने जाण्याजोगी.

सत्राअखेरचे काम होते स्वतःच्या घराचा मोजून काढलेला आराखडा. कागद सर्वांना एकाच आकाराचा आणि प्रमाण एकास पन्नास, म्हणजे घरातले पन्नास सेंटीमीटर कागदावर एक. नेरूळ-खारघरच्या मुलींची घरे त्या कागदावर हातपाय पसरून बसली: हॉल, दोन बेडरूम, धुण्याची बाल्कनी. आमचे घर रबाळ्याला, कारखान्यांच्या मागच्या वस्तीतली एक खोली. मी ती त्या प्रमाणात काढली, तेव्हा कागदाच्या मधोमध तळहाताएवढा चौकोन उमटला. भोवती नुसते पांढरे. उन्हातल्या मिठागरावर कुणी टोपली विसरून गेल्यासारखे.

शेजारच्या बोर्डावरची मैत्रीण वाकून म्हणाली, “अगं, बाकीचं घर कधी काढणार?”

तिच्या आवाजात कुजकेपणा नव्हता. तिला खरेच वाटले होते की काम अर्धे आहे. कुजकेपणा असता तर मला उत्तर सुचले असते.

मी तो कागद उतरवला, नवा लावला आणि सरांना विचारले, एकास दहा चालेल का? “एकास दहा?” सर म्हणाले. “ते प्रमाण आपण कपाटाच्या कडीकोयंड्याला वापरतो. काढा, माझी ना नाही. पण मग मला खिळान्‌खिळा दिसला पाहिजे.”

घर पाचपट वाढले. कागद काठोकाठ भरला, आणि मग मला कळले की मी काय मागून घेतले आहे. लहान प्रमाण दयाळू असते. ते एका रेघेत भिंत मिटवते आणि एका चौकोनात संसार. मोठ्या प्रमाणाला मात्र सारे सांगावे लागते. निळे पिंप, मोरीचा झिजलेला उंबरा, शेगडीच्या ओट्याखालच्या विटा, दिवसा भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या गाद्या, डोक्यावरचा माळा. माळा तुटक रेघेने दाखवायचा, कारण जे नजरेच्या वर असते त्याला सलग रेघ मिळत नाही.

हे सगळे मोजायला दुसरे माणूस हवे होते. आई रबाळ्यातच एका कारखान्यात पॅकिंगला आहे. ती पहिली पाळी संपवून आली, तशी मी टेपचे टोक तिच्या हातात दिले.

“काय मोजायलीस गं? इकायचं हाय का घर?”

“कॉलेजचं काम आहे. घट्ट धर.”

“पिंप बी मोजतीस? मग त्याच्यात पानी किती हाय ते बी लिही. सरांला म्हनावं, एक दिवसाआड येतंय, जपून वापरा.”

तिला गंमत वाटत होती. फळीची उंची मोजताना ती टाचा उंचावून उभी राहिली, भिंतीवरचा प्रत्येक खिळा तिने कौतुकाने दाखवला: हा तुझ्या दप्तराचा, हा चाळणीचा, हा उगाच. टेप गुंडाळता गुंडाळता तिने हनुवटीने दाराबाहेर खूण केली. “आन्‌ तिकडचं?”

गल्लीच्या टोकाला आमच्या सगळ्या ओळीचे मिळून संडास होते.

“ते कागदावर बसत नाही,” मी म्हणाले.

ते खरेच होते. एकास दहाच्या कागदावर दाराबाहेर वीतभरही जागा उरत नव्हती. एकास पन्नासच्या कागदावर अख्खी गल्ली मावली असती. त्या खरेपणाने मला केवढे हायसे वाटले! खोटे बोलावे न लागता काही झाकले गेल्याचे ते सुख होते, आणि आईच्या डोळ्यांसमोर ते मला झाले, याची लाज मला त्याच क्षणी वाटू लागली.

ज्यूरीच्या दिवशी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवशी, कॉलेजने पालकांनाही बोलावले होते. निरोप आईच्याही फोनवर आला.

“तू कशाला रजा टाकतेस?” मी म्हटले.

“वा गं वा. घरभरनीला घरमालकीनच नगं व्हय?”

ती इस्त्रीची निळी साडी नेसून आली. इतर आया पडद्यांच्या कापडाविषयी बोलत होत्या. ती हात मागे बांधून भिंतीवरच्या एकेका घरापाशी थांबत होती, पाहुणी गेल्यासारखी, कशाला हात न लावता.

परीक्षक बाईंचे स्वतःचे इंटिरिअर डिझाइनचे ऑफिस होते. त्यांचा आवाज मऊ होता. माझ्या शीटपुढे त्या चष्मा सावरून वाकल्या. “काय रेघ आहे! हा माळा ना? आणि ह्या गाद्या?” सर मागून अभिमानाने म्हणाले, “खिळासुद्धा सोडलेला नाही हिनं.” पेन्सिलीचे मागचे टोक घेऊन बाई खोलीभर फिरल्या. मोरीपाशी घुटमळल्या, दारातून बाहेर आल्या आणि कागदाच्या कडेशी थांबल्या.

“टॉयलेट कुठाय?”

माझ्या तोंडात शब्द गोळा झाले. सामायिक. सार्वजनिक. वसाहतीच्या बाह्य भागात. एकेक शब्द धुतलेला, इस्त्री केलेला, आणि एकही बाहेर येईना.

“दाखवायचं राहिलं का?” बाईंनी समजुतीने विचारले. त्यांना मला सोडवायचे होते. मी फक्त ‘राहिलं’ एवढेच म्हणायचे होते. थोडे गुण गेले असते, आणि आम्ही कुठे जातो हे त्या दालनात कुणालाही कळले नसते. सर वाट पाहत होते. मैत्रीण माझ्याकडे पाहत होती, मायेनेच. मी सरांच्या बुटांच्या नाड्यांकडे पाहत राहिले. ‘राहिलं’ हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला.

इतक्यात आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. प्रश्न तिने ऐकला होता. ती बाईंकडे वळली नाही, सरांकडे वळली नाही. तिने माझ्याकडे पाहिले, आणि आवाज न चढवता, न उतरवता म्हणाली,

“सांग.”