टापटीपरावाची भिंत

ऑफिसात त्याला सगळे टापटीपराव म्हणायचे, आणि त्याला तो मान वाटायचा! खिडकीतून कागद उडतात म्हणून त्याने तिथल्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या. माणसं घामाघूम झाली, तेव्हा 'स्वच्छ होऊन यावे' अशी पाटी लावली होती. निवृत्त झाल्यावर हा बाबा बागेच्या मागे लागला.

घर उतारावर. वर त्याचं अंगण, खाली धाकट्या बहिणीची पत्र्याची खोली, आणि मध्ये माती अडवून धरणारी पुरुषभर उंच भिंत. धाकटी दिवसभर त्या भिंतीच्या पायथ्याशी शिवणयंत्र चालवायची. भिंतीला काही झालं तर पहिली गाडली जाणार ती.

मातीत मुरलेलं पाणी निघून जावं म्हणून गवंड्याने भिंतीत पाइपाचे तुकडे घातले होते. पाणी निघायचंही. पण जाताना पांढऱ्या रंगावर तांबडे ओघळ सोडून जायचं. झालं! टापटीपरावाच्या डोक्यात तिडीक गेली.

"भिंत आहे की गळकं नाक?" म्हणत त्याने सिमेंट कालवलं आणि एकूण एक पाइप आपल्या हाताने बुजवला. वरून रंगाचे दोन हात.

"अरे दादा, पाणी जाणार कुठे मग?" धाकटीने विचारलं.

"मुरेल. जमिनीचं कामच ते."

पाऊस लागून राहिला. भिंत मधोमध फुगल्यासारखी दिसायला लागली. धाकटीने खालून हाक मारली.

"दादा, एकदा खाली येऊन बघ ना."

"तू आधी चष्मा बदल!" तो वरूनच खेकसला.

ती पुन्हा शिवणयंत्रावर बसली. खोली त्याची, छप्पर त्याचं. किती तोंड वर करणार?

एका दुपारी ती शिवलेले कपडे पोचवायला गेली. परत येते तो दारात ही गर्दी! भिंत आडवी झालेली, पत्रा चेपलेला, शिवणयंत्राचा पत्ता नाही. रोज ती बसायची तिथे दगडमातीचा ढीग.

"वाचलीस गं बाई!" शेजारीण तिला धरून रडायलाच लागली.

वर टापटीपराव छत्री घेऊन उभा होता. "गवंडीच कामचुकार निघाला," असं जमलेल्यांना ऐकवत होता.

धाकटी चिखल तुडवत वर गेली. अंगणाची कड पार ढासळली होती. त्या कडेवर मांडलेले त्याचे गुलाब मात्र व्हरांड्यात ओळीने उभे होते. एकाही कुंडीचा टवका उडाला नव्हता.

"कुंड्या बऱ्या वाचल्या रे?"

"परवाच आत घेतल्या," तो ऐटीत म्हणाला. "म्हटलं, भिंतीला पोट आलंय, उगीच धोका कशाला?"

बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

"आणि मला रे, दादा?" धाकटीने विचारलं. "मला आत घ्यायचं नाही सुचलं?"