मास्तरांच्या शर्टाच्या बाह्या

"अण्णा, बाह्या उघडल्यात?"

सावित्रीअक्का दुकानाच्या पायरीवरच थांबल्या. टेबलावर त्यांच्या यजमानांचा, मास्तरांचा शर्ट, दोन्ही बाह्या सपाट. इस्त्री अजून माझ्या हातात होती.

नव्वदच्या दशकातली, कानडी मुलखातल्या येलहंक्यातली गोष्ट. सकाळीच अक्का सांगून गेल्या होत्या, "बाकीचे कपडे वाटले, एवढाच ठेवलाय. ट्रंकेत चुरगळलाय. बाह्या मात्र दुमडलेल्याच राहू देत. शेवटच्या दिवशी त्यांनी दुमडल्यात." मास्तरांचं वर्षश्राद्ध होतं दुसऱ्या दिवशी. शर्ट फोटोजवळ ठेवायचा होता. मी "सरी अक्का" म्हणत मान डोलावली आणि एअरफोर्सच्या युनिफॉर्मच्या ढिगाला लागलो. दुपारी शर्ट समोर आला आणि हात सवयीनं चालले. कॉलर, खांदा, बाही उघड, पाणी मार, फिरव. डोकं कुठं होतं, देव जाणे.

"चुकलं, अक्का."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शर्ट टेरिकॉटचा होता, हे नशीब. सुती कापडाला कडक इस्त्री आणि पाणी दिलं की ते जुनं सगळं विसरतं. रेशमाला उलट्या बाजूनं, जेमतेम कोमट. टेरिकॉट म्हणजे सुतात पॉलिएस्टर. त्याला मध्यम ताप, जास्त झाला की चकाकतं. आणि वर्षानुवर्षं एकाच जागी घडी पडली, तर तिची रेघ काही केल्या जात नाही, म्हणून मी या कापडाला कायम शिव्या घालायचो. या रेघांवरून मी मास्तरांशी दहा वर्षं भांडलो होतो.

"मास्तर, बाह्या दुमडू नका. घडी बसते."

"बसू दे की. खडू लागतो त्याचं काय?"

"स्वल्प थांबा, अक्का," म्हणून मी शर्ट दारात उजेडाला धरला. डाव्या बाहीवर दोन रेघा, उजवीवर तीन. फिकट, पण होत्या. रेघ धरून एकेक घडी घातली, वर ओला रुमाल ठेवून इस्त्री नुसती टेकवली. उजवीची तिसरी घडी तिरकी येत होती. मी ती सरळ करायला गेलो.

"राहू द्या," अक्का म्हणाल्या. "उजवी बाही डाव्या हातानं दुमडायचे ना. शेवटची घडी नेहमी वाकडीच जायची."

त्यांनी त्या घडीवरून बोट फिरवलं. "त्यांचीच आहे," म्हणाल्या. माझेही डोळे भरून आले.

तेव्हापासून गिऱ्हाईक काही सांगून गेलं, की मी चिठ्ठी लिहून कपड्याला टाचतो. आणि टेरिकॉटला शिव्या घालणं बंद केलं.