मॅकरोनीचं मीठ

मॅकरोनी मला कधीच आवडली नाही. ती करायला मात्र मी तेराव्या वर्षी शिकले, आणि शिकले ती भीतीपोटी.

सिंदेवाहीच्या पुढे जंगलात एक बंगला होता. तिथे लाकडाच्या धंद्यातले एक अँग्लो-इंडियन साहेब बायकोसोबत राहायचे. माझे बाबा त्यांचे स्वयंपाकी. बंगल्यामागच्या खोलीत आम्ही दोघं राहत होतो. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि माझी शाळा चौथीतच संपली होती.

खाण्याच्या बाबतीत मी फार वाईट पोर होते. वांगं नको, तळ्यातली मासळी नको, अंबाडीची भाजी नको. वरण भातात मिसळलेलं दिसलं की ताट सरकवायचे. कोरडा भात, तेल आणि तिखट एवढ्यावर माझं भागायचं. आई होती तेव्हा म्हणायची, "सासरी का हवा खाशीन?"

त्या साली बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. भात, भाजी, मटण ते हाताच्या सवयीने आणि वासावर करायचे. पण साहेबांना दर दोन दिवसांनी भट्टीत भाजलेली मॅकरोनी लागायची, आणि तिथे सवय उपयोगाची नव्हती. मॅकरोनीच्या पोकळ नळ्या उकडायच्या. लोण्यात मैदा परतून, दूध घालून, पांढरी लापशी करायची. त्यात डब्यातलं चीज घालायचं आणि सगळं खोलगट भांड्यात भरायचं. भट्टी म्हणजे घासलेटचा रिकामा डबा, आडवा ठेवलेला. त्याच्या खाली निखारे, वर निखारे. वरचा थर लाल झाला की भांडं काढायचं. लाल झाला हे डोळ्यांनाच कळतं. बाबांनी लागोपाठ दोनदा जाळली. साहेबांनी सांगितलं, पुन्हा जळली तर नागपूरहून दुसरा माणूस आणू. दुसरा माणूस आला असता तर खोलीही त्याचीच झाली असती.

तेव्हापासून भट्टीपुढे मी बसू लागले. बाबा दारात उभे राहून कानोसा घ्यायचे, कोणी येत नाही ना, आणि हळूच विचारायचे, "लाल झाली का बाई?" झाली म्हटलं की भांडं घेऊन, पावलं मोजत, ते आत जायचे. ते परत येईपर्यंत मी दाराकडे बघत बसायची.

चीजचा वास मला सोसत नव्हता. मी नाकाला फडकं बांधून करायची. चाखायचं तर नावच नव्हतं. बाबा तळहातावर थेंब घेऊन चाखायचे, तो त्यांचा धंदा. मला आईची शिकवण होती. दुसऱ्याच्या ताटात जायचं ते आधी तोंडाला लावलं की उष्टं होतं. नैवेद्याचं मीठ ती नुसत्या हाताच्या अंदाजाने घालायची. मला तेच सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी बाबांनी उकळत्या पाण्यात मीठ टाकलं, तेवढ्यात साहेबांनी चहासाठी हाक मारली. ते गेले. मीठ पडलंय हे मला माहीत नव्हतं. मी लापशीत चांगलं मूठभर घातलं. चीज आधीच खारट. बाबा आले तेव्हा भांडं भट्टीत होतं, चाखायला काही उरलं नव्हतं. वरून मात्र अशी लाल झाली की मी खूश होते.

थोड्या वेळाने बाईसाहेब ताट घेऊन स्वतः स्वयंपाकघरात आल्या. अशा त्या कधी आल्या नव्हत्या. किसने बनाया, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, मी. त्यांनी माझे काळे झालेले हात पाहिले. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूने चखा था?"

"नाई," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या ताटातलं कसं चाखू?"

त्यांनी चमचा भरून माझ्या हातात दिला. मी खाल्लं. मीठ जिभेला चावलं, नळी घशात सरकली, पोट वर आलं. ओकले तर खोली गेली, एवढंच डोक्यात होतं. मी गिळलं. त्यांनी दुसरा चमचा भरून बाबांपुढे धरला. बाबांनी हात पुढे केला आणि चमच्याच्या बाजूला, नुसत्या हवेत मूठ मिटली.

बाईसाहेब ताट ठेवून निघून गेल्या. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. मी भांडी घासली, मग आमची दोन गाठोडी बांधून ठेवली.

सकाळी बाईसाहेब परत आल्या. मॅकरोनी आता पोरगी करेल, आत न्यायचं काम बाप करेल, आणि पहिला चमचा पोरगी त्यांच्यासमोर खाईल, असं त्यांनी सांगितलं. साहेबांना त्यांनी सांगितलं की नाही, मला आजही माहीत नाही. दया आली म्हणावं, तर तसंही नसेल. त्या जंगलात यायला नागपूरचा माणूस तयार होता कुठे?

दोन वर्षं मी तो चमचा त्यांच्यासमोर खाल्ला. आवडली नाही ती नाहीच. पण दर वेळी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची, मग गिळायची. गाठोडी मी त्या दोन वर्षांत सोडली नाहीत. लागेल ते कापड त्यातूनच काढायची आणि पुन्हा गाठ मारायची.