पायथ्याशीच भेटली

दिलेली तारीख उलटून आठवडा होत आला तरी मला कळा येईनात. डहाणू रोडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "गर्भातलं पाणी कमी होतंय. उद्या सकाळी दाखल व्हा, औषध देऊन कळा आणू." मी त्यांच्याशीही घासाघीस केली, आणखी चार दिवस मागितले. त्या म्हणाल्या, "ताई, हा चिकूचा सौदा नाही." चिकूच्या व्यापारात मी एकटीने जम बसवलाय, वाडीवाले माझ्या जिभेला वचकून असतात. नकार ऐकायची मला सवय नव्हती.

खरं दुखणं वेगळंच होतं. माझ्या जाऊबाईंची दोन्ही बाळंतपणं सहज झाली. मसोलीला सासरच्या घरी भर पाहुण्यांत त्या म्हणाल्या होत्या, "हिला सगळं विकत घ्यायची सवय. आता कळाही विकतच घेणार." ते मनात रुतून बसलं होतं. औषध घेतलं तर त्या खऱ्या ठरणार. म्हणून त्याच दुपारी, नवरा शाळेत शिकवत असताना, मी रिक्षा करून डहाणूच्या महालक्ष्मीला गेले. डोंगरावरच्या गडापर्यंत चढायचं, चढता चढता देवी कळा देईलच, असा हट्ट. बदल्यात साडी, चांदीचा पाळणा, सगळं मनात कबूल केलं होतं.

पहिल्याच पायरीवर एक आजी वाट अडवून बसल्या होत्या. गुजरातच्या सीमेलगतच्या वेवजीकडच्या, अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलणाऱ्या.

"केटला महिना, बेन?"

"दिवस उलटून गेलेत. सरका, वर जायचंय."

"गांडी थई गई के? वेडी झाली का? माताजी गड उतरून पायथ्याशी आली ती पोटुशी बाईसाठी. चढताना तिचे हाल झाले ते माताजीला बघवलं नाही. ती तुझ्यासाठी खाली आली, आणि तू तिला इथे सोडून वर चालली?"

"तुम्हाला कुणी विचारलं?" मी फणकारले. त्या हसल्या, उठल्या आणि माझ्या दंडाला धरून मला खालच्या देवळात घेऊन गेल्या. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती माझ्यासाठीही असेल, हे कधी सुचलं नव्हतं.

देवीसमोर ओटी ठेवली आणि काय मागायचं तेच आठवेना. जाऊबाईही आठवल्या नाहीत. फक्त पोटातला जीव आठवला. "हे तुझं आहे, तू सांभाळ," एवढंच म्हटलं. बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला आणि सकाळची वाट न पाहता थेट दवाखाना गाठला. तिथे तपासल्यावर बाळाचे ठोके मंदावलेले निघाले. लगेच औषध सुरू झालं. मुलगी झाली, गळ्याभोवती नाळेचा वेढा घेऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात." त्या दुपारी मी गड चढत राहिले असते तर, हा विचार मी कधी पुरा करत नाही.

आजींचं नाव विचारायचं राहून गेलं. जाऊबाईंवरचा राग अजून गेलेला नाही, माझा स्वभावच तसा. पण देवीपुढे मी आता अटी घालत नाही. बाजारात शेवटपर्यंत ताणून धरायला बळ लागतं. सोडून द्यायला त्याहून जास्त लागतं, आणि ते माझ्यापाशी नव्हतं. ते तिनेच दिलं.