टाळ हातातून सुटला ती दुपार

मी भक्त कमी आणि हट्टी जास्त, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या ग्रामदेवळात भजनी सप्ताह बसायचा. सात दिवस समईभोवती नाम अखंड चालायचं, क्षणभरही तुटता कामा नये. त्यातला दुपारचा पार, म्हणजे तीन तासांची पाळी, वडिलांपासून आमच्या घराकडे. काय दिवस होते ते! त्या वर्षी मात्र माझा घसा धरला. डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या मी फडताळात टाकल्या. घसा तो, त्याचं काय एवढं! दुखणं उलटलं तेव्हा देवावरच रुसलो. तुझंच नाव घ्यायचंय ना, मग आवाज का काढून घेतोस?

पाराच्या दिवशी अंगात ताप होता. जबडा धड उघडेना, लाळसुद्धा गिळवेना. तोंडात गरम भात धरल्यासारखा आवाज येत होता. जेवणवेळ झाली, सोबतचे घरी गेले आणि नाम घ्यायला मी एकटा उरलो. बायको काकुळतीला आली. "सांगी होतंय, औषध पुरां करा म्हणान! आता तरी चला." मी मान हलवली. पार माझ्या हातून मोडला तर वडिलांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात ओटी भरायला आलेली एक अनोळखी बाई समोर थांबली. साठीची असेल. कट्टा गावाकडची, पूर्वी नर्स होती, हे मागाहून कळलं. "भावानू, थुकी गिळूक येता?" मी नाही म्हणून खूण केली. तिने माझी मान चाचपली, तोंडात डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "ह्यां साधां न्हय. आत पू झालो हा, श्वास अडकात. आत्ताच्या आत्ता मालवणाक जावा."

"पार..." मी कसाबसा म्हणालो.

"पार मी धरतंय."

आमच्याकडे तेव्हा बाईमाणूस पार धरत नसे. तिने सरळ माझ्या हातातला टाळ घेतला आणि गायला लागली. रिक्षात बसेपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. खरं सांगतो, आधी मला राग आला. मग एवढं हलकं वाटलं की रडूच फुटलं.

दवाखान्यात गळू फोडून पू काढला. अजून उशीर झाला असता तर तो मानेतून छातीत उतरला असता, डॉक्टर म्हणाले. घशाच्या दुखण्याने माणूस क्वचित जातो, पण जातो. पाण्याचा पहिला घोट खाली उतरला तेव्हा बायकोने माझा हात घट्ट धरला होता. आज ती नाही. सप्ताह बसला की देवळात जाऊन बसतो आणि तिची फार आठवण येते.

ती बाई पुन्हा कधी भेटली नाही. याला चमत्कार म्हणावं का, मला कळत नाही. पण जे मी मुठीत आवळून बसलो होतो ते सोडल्यावरच वाचलो, एवढं कळतं. गुरवाने नंतर सांगितलं, तीन वाजेपर्यंत तिने पार पुरा केला आणि नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "ज्याचो पार हा, त्याका बरो कर रे महाराजा." तिला माझं नावही ठाऊक नव्हतं.