शेवळं आणि मूठभर हिरवी फळं

आमच्या पाथर्डीकडं गाव सोडणं म्हणजे ऊसतोडीला कोयता घेऊन ट्रॅक्टरवर चढणं. मी सोडलं ते संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून, एसटीनं. बाप फाट्यापर्यंत आलाच नाही. आई आली. "तिथं कोन हाय गं तुझं?" एवढंच म्हणाली. मी तिला अन्नस्वावलंबनावर भाषण दिलं. गाडी येईपर्यंत ऐकत राहिली बिचारी.

तिकडं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, मी अकोले तालुक्यात, घाटाकडं राहते. जिल्हा तोच, पण ताटात काही जुळत नाही. इथं आम्ही काही घरांनी डोंगराकाठच्या शेतकरी बायकांशी वाटा ठरवलाय. हंगामाच्या सुरुवातीला वर्गणी भरायची, मग दर गुरुवारी शेतात, बांधावर, रानात जे असेल ते टोपलीतून घरी. निवडानिवड नाही. योजना आमच्या संघटनेची, पत्रक माझं: 'रानभाजीला भिऊ नका. मातीतलं अन्न विष नसतं.'

भीत होते ती मीच. गावाकडं घरी तांदुळजा, घोळ, पाथरी. आई लसूण-मिरचीवर परतायची, वर दाण्याचा कूट, झालं. कशी करायची, हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. इथं टोपली उघडली की निम्मी पानं ओळखूच यायची नाहीत. आणि ज्या बायकांपुढं माईक धरून बोलले, त्यांनाच 'हे शिजवायचं कसं?' म्हणून विचारू? मी मोबाईलवर शोधायची, अंदाजानं शिजवायची आणि बैठकीत सांगायची, "मस्त झाली."

जूनमध्ये आई आली. म्हणायला आठ दिवस राहायला, खरं तर मला परत न्यायला. त्या गुरुवारी टोपलीत शेवळं होती: जमिनीतून वर आलेले जांभळट कोंब, गुंडाळलेल्या पानासारखे. सोबत मूठभर हिरवी, आवळ्यासारखी फळं. चुकून पडली असतील म्हणून ती मी खिडकीत ठेवली. कोंब चिरले आणि आपल्या पद्धतीनं केले. लसूण, मिरची, कूट.

आईनं चार घास खाल्ले आणि थांबली.

"आगं, घशात काटं भरल्यावानी हुतंय."

मग बोलणंच बंद. ओठ सुजले, लाळ गळायला लागली. माझ्याही जिभेला सुया टोचत होत्या, पण मला फक्त तिचा गळा दिसत होता. मी माझ्या हातानं आईला विष घातलं. डोक्यात दुसरा शब्दच येईना.

पळत शेजारच्या हिरामावशीकडं गेले. आमच्या टोपल्या भरणाऱ्या बायकांपैकीच ती; शेवळं तिनंच खुडलेली. तिनं येऊन आधी आईचा श्वास बघितला, दवाखाना लागलाच तर म्हणून शेजारच्या जीपवाल्याला थांबायला सांगितलं, आईच्या तोंडात चिंच दिली. मग माझ्याकडं वळली.

"काकडं कुठं गेली?"

"काकडं?"

"ती हिरवी फळं गं! त्यांचा आंबट रस पडल्याबिगर शेवळं खाजतातच. आतला पिवळा भागबी नाय काढला? तुझ्या कागदावर नाय का लिव्हलेलं?"

नव्हतं. कागदावर घोषणा होती, ठळक अक्षरात. जिनं ही भाजी जन्मभर रांधली तिला मी न भिण्याचे धडे देत होते, आणि तिची कृती छापायला माझ्याकडं जागा नव्हती. या उद्धटपणाचा निषेध मी कुठल्या चौकात करायचा?

तासाभरानं सूज उतरली. आईचे पहिले शब्द: "तुझा बाप म्हनत हुता, पोरगी तिकडं उपाशी मरंल. पोरगी आईलाच मारती, ह्ये त्याला कुठं ठावं!"

हिरामावशी पोट धरून हसली. मला रडू आवरेना.

चार दिवसांनी आई एकटीच परत गेली. मला 'चल' म्हणाली नाही. हिरामावशीला म्हणाली, "ती इचारायची न्हाई. लई ताठ हाय. तुमीच सांगत जा."

माझी भीती गेलेली नाही. ती सुजलेली जिवणी अजून दिसते. आता टोपली आली की मी ती तशीच उचलते, मावशीच्या ओट्यावर नेऊन ठेवते आणि गॅस पेटवायच्या आधी विचारते. तिकडं काही विचारावं लागायचं नाही, ते घर होतं. इथं विचारता येतं. सध्या मी यालाच घर म्हणते.