आबांनी पारखलेलं कुत्रं

मी दमलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. त्या दोन वर्षांत मला कुणी विचारलं असतं, बाबा रे, काय पाहिजे तुला, तर मी म्हणालो असतो, झोप. एमआयडीसीत शिफ्ट करायची, वडगाव रासाईला घरी यायचं, आणि दारातच बायको म्हणायची, "अवं, मामा न्हाईत घरात." मामा म्हणजे तिचे सासरे, माझे आबा. की चपला पायातच, मोटरसायकल परत चालू.

आबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. नव्वद सालाच्या आसपास आम्ही कळप विकला, ऊस लावला, बागायतदार झालो. आबांना ते पटलं नव्हतं, पण बोलले नाहीत. पुढं विसरायला लागले तेव्हा नेमका तो ऊसच विसरले. दुपारी घोंगडी खांद्यावर टाकायची, काठी घ्यायची आणि निघायचं. "मेंढरं तिकडं भांडगावच्या रानात बसवल्यात, आन् मी हितं काय करू?" म्हणायचे. एकदा निमोण्यात सापडले, एकदा नदीच्या पुलावर. ऊस पुरुषभर वाढला की आत शिरलेला माणूस बांधावरून दिसत नाही. नुसत्या हाका मारायच्या. आबा ओ द्यायचे नाहीत, कारण आपल्याला कुणी शोधतंय हेच त्यांना ठाऊक नसायचं. आज ना उद्या हे आपल्याला सापडायचेच नाहीत, ही धास्ती कायमची मागं लागली होती.

कंपनीतल्या एकानं सांगितलं, दौंडला एक रिटायर्ड रेल्वे गार्ड आहेत, वासावर माणूस काढणारी परदेशी कुत्री पाळतात. आता लेकीकडं पुण्याच्या फ्लॅटवर राहायला चाललेत, पिल्लं देऊन टाकतायत. मी घरी बोललो तर बायको भडकली. "झालं! दुष्काळात तेरावा महिना. मी मामांना सांभाळू का कुत्र्याला?"

"मग तूच जा हुडकायला!" मीही ओरडलो. पण दौंडला जायच्या दिवशी लुगडं बदलून तीच आधी तयार.

गार्डसाहेबांच्या अंगणात दोन पिल्लं होती, चार-चार महिन्यांची. एक बॅसेट जातीचं. बुटकं, आखूड पायांचं, कान जमिनीवर लोळणारे. दुसरं ब्लडहाउंड. तांबूस, थोराड पंज्याचं, कपाळाची कातडी डोळ्यांवर आलेली. त्याच्याकडं बघूनच मला जांभई आली.

"हा छोटावाला वास लागला की ओरडत जातो, सगळं गाव जागं करतो," गार्डसाहेब म्हणाले. "मोठा मुक्यानं चालतो. पण नाक बघाल तर कालचा गेलेला माणूस काढील. एकच मिळेल हां, उरेल तो दुसऱ्याला कबूल केलाय."

"ओरडतंय ते घ्या," बायको माझ्या कानाशी म्हणाली. "कुठं हाय ते तरी कळंल." खरं सांगतो, मलाही तेच पटलं होतं.

पण आबाही आमच्यासोबत आले होते. त्यांना घरी एकटं ठेवणार कसं? ते खुर्चीवरून उठले. आम्हां धनगरांत पिल्लू पारखायची एक रीत आहे. मानेची कातडी धरून त्याला उचलायचं. जे केकाटतं ते ठेवायचं नाही. एवढ्यातेवढ्याला बोंबलणारं कुत्रं मेंढरं उधळवतं. मुकं राहतं ते आपलं. आबांनी बुटक्याला उचललं, तर त्यानं सगळी रेल्वे कॉलनी डोक्यावर घेतली. मोठं जड, मानेला धरून त्याचे नुसते पुढचे पाय उचलले गेले. ते आबांच्या तोंडाकडं बघत लोंबत राहिलं.

"ह्ये घ्या," आबा म्हणाले.

कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला शहाणा शब्द होता. बायको म्हणाली, "अवं, पण..."

"ऱ्हाऊ दे. एवढं तरी त्यांना ठरवू दे."

चूक झाली ती इथं, आणि ती माझी.

वर्षभरात कुत्रं वासराएवढं झालं. बायको उसात लपायची, मी तिचा पदराचा तुकडा त्याला हुंगवायचो, आणि ते मला ओढत तिच्यापाशी नेऊन उभं करायचं. ती हसायची, मीही हसायचो. आबांना त्यानं दोनदा काढलं. दोन्ही वेळा आबा निघाले तेव्हा ते बायकोबरोबर रानात होतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, आता सुटलो.

मग आम्ही त्याला दारातल्या शेवग्याला साखळीनं बांधून ठेवायला लागलो, म्हणजे वेळेला हाताशी असावं. अरे, पण जो माणूस मेंढरांमागं कधी कुत्र्याशिवाय गेला नाही, तो दारातलं कुत्रं सोडल्याशिवाय निघेल का? एवढी साधी गोष्ट, आणि मी धनगराचा पोर!

एका दुपारी आलो तर आबा नाहीत, घोंगडी नाही, आणि शेवग्याला नुसती साखळी. बायकोनं साखळी उचलून बघितली. "हुडकायचं तेच संगं नेलं की वो," म्हणाली.

दोन दिवस शोधलं. आबांना हाका, कुत्र्याला शिट्ट्या, घसा पार बसला. नदीकडच्या बांधावरून मी तीनदा गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीच्या बाईला ते दिसले. त्याच बांधापासून दहा-बारा पावलं आत, पाण्याच्या पाटाकडेला. खुबा मोडला होता. कुत्रं त्यांना चिकटून बसलं होतं, दोघंही उपाशी.

मला रडू फुटलं, आणि मग त्या कुत्र्याचा असा राग आला की मी पडलेली काठी उचलली. "माझा आवाज ऐकत होतास ना रे मुडद्या? एकदा तरी भुंकायचं!"

आबांनी हात आडवा केला. "त्याला का मारतोस? दोन दिस चकार शब्द काढला न्हाई त्यानं. ह्ये वरडलं असतं तर समदी मेंढरं उधळली असती."

त्यानंतर आबा अंथरुणावरून उठले नाहीत. वीसेक दिवस काढले त्यांनी. रोज एकदा तरी खाटेखाली हात सोडून कुत्र्याचं डोकं चाचपायचे आणि विचारायचे, "बरं पारखलं न्हवं मी?"

"व्हय आबा," मी म्हणायचो.

बायको तिथंच पेजेची वाटी घेऊन बसलेली असायची. एकदाही माझ्याकडं न बघता तीही म्हणायची, "व्हय मामा."